कोयाजी निवळकरांचे आद्य संशोधक

निवळगडाच्या पहिल्याच पायरीवर शुभदाने मला बजावलं, की सत्कार झाला की निघायचं, दगड उचकत बसायचं नाही. मी अंगात नवं जाकीट घातलं होतं आणि पायात ट्रेकचे बूट; म्हणजे वरून वक्ता आणि खालून हमाल. मैत्रेयी आमच्या पुढे दहा पायऱ्या चढत होती. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. रविवारी पहाटे साडेपाचला उठवल्याबद्दल तिने आम्हाला अजून माफ केलेलं नव्हतं.

भाषणात काय सांगणार आहेस, असं शुभदाने विचारलं. मी म्हटलं, बघू, जागतिक पर्यटन, वारसा, असं काहीतरी. ती काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही तेव्हा नवऱ्याने थांबून विचार करावा. मी थांबलो, पण धाप लागली म्हणून.

बोलावणं तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. निवळगड स्मारक समिती नावाच्या कोणा संस्थेची ईमेल. 'आपल्या अमूल्य लेखनामुळे आमचा गड जगाच्या नकाशावर आला, तरी आपला जाहीर सत्कार स्वीकारावा.' मी ती ईमेल ऑफिसात चार जणांना दाखवली. मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि आमच्याकडे सत्कार फक्त निवृत्तीच्या दिवशी होतो.

सत्कार कशाबद्दल, याची मला शंकाच नव्हती. मला जिओकॅशिंगचा नाद होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोणीतरी एखाद्या जागी एक छोटा डबा लपवतो. आत एक वही असते. त्या जागेचे अक्षांश-रेखांश तो एका वेबसाइटवर टाकतो. मग आमच्यासारखी मोठी माणसं हातात यंत्र धरून तिथे जातात, दगडांखाली हात घालतात, डबा सापडला की वहीत सही करतात आणि तो होता तसा परत ठेवतात. बास, एवढंच. बक्षीस काही नाही. या खेळापायी मी घरच्यांना घेऊन सात वर्षांत अर्धा दख्खन फिरलो. हंपीला मी दोन दिवस एका पडक्या भिंतीमागे वाकून होतो. विजापूरला जाऊन गोलघुमट न पाहता परतणारा बहुधा मी एकटाच असेन. शुभदा आणि मैत्रेयी आत जाऊन सज्जात एकमेकींशी कुजबुजून आल्या, मी बाहेर खंदकात होतो. खंदकात डबा मिळाला. तो दिवस मी यशस्वी मानला होता.

निवळगडावरचा डबा मात्र मी स्वतः लपवलेला होता. दोन वर्षांत एक्केचाळीस जणांनी तो शोधला, त्यांत सात देशांचे लोक. जगाच्या नकाशावर आला, हे मला शब्दशः खरंच वाटत होतं.

गडाचा दरवाजा आला. या दरवाजाच्या आत, डाव्या हाताला, पहारेकऱ्यांना बसायला दगडी ओवरी आहे. अशा ओवरीला देवडी म्हणतात. तिच्या मागच्या भिंतीत एक मोठी फट होती आणि फटीसमोर एक उभा चिरा. त्या चिऱ्यामागे माझा डबा असायचा.

चिरा जागेवर होता. फक्त तो आता शेंदराने माखलेला होता. त्याला चांदीचे डोळे बसवले होते, गळ्यात झेंडूचा हार होता, वर पत्र्याचं छप्पर, पुढे लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. जाळीवर फलक होता: 'शूरवीर श्री कोयाजीबाबा निवळकर यांचे जागृत समाधिस्थान. चपला बाहेर काढाव्यात.'

मैत्रेयीने फलक वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग ती इतकी हसली की तिला देवडीच्या कट्ट्यावर बसावं लागलं.

तिच्या हसण्याचं कारण सांगतो. डबा लपवला की वेबसाइटवर त्या जागेची माहिती लिहावी लागते. ऐतिहासिक जागा असेल तर चार ओळी इतिहास हवाच, नाहीतर लोक येत नाहीत. निवळगडाचा इतिहास मी शोधला. जुन्या कागदांत त्याचा उल्लेख अर्ध्या ओळीचा, तोही 'आणि इतर लहान किल्ले' या शब्दांत. तेव्हा मे महिन्यातल्या एका दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून मी इतिहास स्वतःच लिहिला. एक पहारेकरी, तीन दिवस, एकट्याने दरवाजा लढवला, समोर सातशे गनीम, शेवटी उभ्यानेच प्राण सोडला. नाव सुचत नव्हतं. समोर मैत्रेयी आंबा खात होती. कोय चोखता चोखता म्हणाली, कोयाजी. आम्ही दोघं खूप हसलो. मी कोयाजी लिहिलं, आडनाव गडावरून निवळकर केलं, आणि मजकूर चढवून दिला. सगळा मिळून अर्धा तास गेला असेल.

त्या अर्ध्या तासाचं काय झालं हे आम्हाला सर्जेरावांनी सांगितलं. सर्जेराव समितीचे अध्यक्ष. पन्नाशीचे, पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर अष्टगंध. आमचे बूट चपलांच्या ओळीत नीट लावून ठेवायला त्यांनी माणूस दिला आणि मग मला मिठीच मारली. माझा मजकूर कोणीतरी मराठीत करून मोबाइलवर फिरवला होता. तिथून तो तालुक्याच्या साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात आला, तिथून शाळेच्या स्नेहसंमेलनात. गनीम सातशेचे सात हजार झाले होते. तीन दिवसांचे नऊ दिवस झाले होते. कोयाजींना एक घोडी मिळाली होती आणि ती त्यांच्यावर रडून मेली होती.

"आणि आपण?" मी विचारलं. "आपण निवळकर म्हणजे..."

"तेरावा वंशज," सर्जेराव मान लववून म्हणाले.

पुढे समजलं, की दीड वर्षापूर्वीपर्यंत ते सर्जेराव खामकर होते. राजपत्रात जाहिरात देऊन त्यांनी आडनाव बदललं होतं.

शुभदाने मला बाजूला घेतलं. ती शांतपणे म्हणाली, की स्टेजवर जायच्या आधी या माणसाला एकटं गाठ आणि खरं काय ते सांगून टाक. हसण्यावारी नेतील, नाहीतर रागावतील, आपण चहा न पिता घरी जाऊ. मी म्हटलं, सांगतो. मी तिथून निघालो तो खरोखर सर्जेरावांना शोधायला. वाटेत मला ठकूबाई झोरे भेटली.

या बाईला मी ओळखत होतो, म्हणजे पाहिलेलं होतं. डबा लपवायला मी आणि मैत्रेयी आलो होतो तेव्हा ही म्हातारी देवडीत ताकाचं मडकं घेऊन बसलेली होती. गडाखालच्या धनगरवाड्यात तिचं घर. आज ती दरवाजाबाहेर करवंदीच्या जाळीच्या तुटपुंज्या सावलीत बसली होती. तिने मला हाताने बोलावलं, पदराखालून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. माझा डबा होता. चिरा रंगवताना समितीच्या लोकांनी तो दरीत भिरकावला होता. तिने नातसुनेला खाली उतरवून तो आणवला आणि सांभाळून ठेवला.

"ते गोरं लोक यायचं, हुडकायचं," ती म्हणाली. "नाय गावला की मी हनवटीनं दावायची. तुमचंच हाय नव्हं?"

एक्केचाळीसांपैकी किती जणांना डबा यंत्राने सापडला आणि किती जणांना ठकूबाईच्या हनवटीने, हा हिशोब मी आजवर केलेला नाही.

मग तिने आपलं सांगितलं. तिच्या सासरचे लोक या दरवाजाचे. तिच्या आजेसासऱ्याच्या आजाने या देवडीत दिवा लावला, टाक्याचं पाणी राखलं, गडावर कोणी राहीनासं झालं तरी त्यांनी ती जागा सोडली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती स्वतः तिथे बसत होती. आता बाबांचं ठाणं आहे म्हणून तिला उठवलं. कुलूप लागलं. आज कागद होणार आणि मग ते कायमचं.

"तुमी लिवलं की खरं हुतं," ठकूबाई म्हणाली. "बाबाचं लिवलं, बाबा झाला. आमचं बी दोन सबुद बोला. झोऱ्यांची जागा हाय म्हनावं. बास, तेवढंच."

मी तिला शब्द दिला. सांगतो आजी, आजच सांगतो, असं म्हणालो. त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. डबा पिशवीत टाकून मी परत आलो, तोवर सर्जेराव स्टेजवर जाऊन बसले होते आणि माझं नाव पुकारलं जात होतं.

मांडव गच्च भरला होता. तीनशे तरी माणसं असतील. शाळेच्या मुलींनी कोयाजींचा पोवाडा म्हटला. घोडीच्या जागी पोहोचल्यावर त्यांचा आवाज खरोखर कापला. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून दिली: 'कोयाजीबाबांचे आद्य संशोधक, पुण्याचे थोर इतिहासतज्ज्ञ, माननीय सुहासराव बेहेरे.' बी.ई. मेकॅनिकल हे ते म्हणाले नाहीत. मला शाल घातली, फेटा बांधला. पुढच्या रांगेत एक फेटेवाले आजोबा बसले होते, ते पोवाड्यापासून डोळे पुसत होते. त्यांच्या मागच्या रांगेत शुभदा आणि मैत्रेयी. मैत्रेयीचं हसू आता थांबलं होतं. ती उत्सुकतेने बघत होती, बाबा हे कसं सांगतो ते.

मी उभा राहिलो. पहिलं वाक्य तयार होतं: मित्रहो, मला एक कबुली द्यायची आहे. ते मी म्हटलंसुद्धा.

"मला एक कबुली द्यायची आहे," मी म्हणालो, आणि मांडव एकदम शांत झाला. तीनशे माणसं माझ्यासाठी श्वास रोखून बसलीत असं माझ्या आयुष्यात आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. ते आजोबा डोळे पुसायचे थांबले.

"कोयाजींबद्दल मला जे कळलं," मी म्हणालो, "ते सगळं मी अजून लिहिलेलं नाही."

खरं सांगतो, मला कोणी खोटं बोलायला लावलं नाही. कोणी धमकावलं नाही. मांडवात टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो मला आवडला. त्यापुढची वीस मिनिटं मी जे बोललो, ते मला आज आठवलं की मी एकटा असलो तरी तोंड फिरवतो. मी कोयाजींना आई दिली. आईने निरोप देताना हातावर दही घातलं. मी त्यांना एक अर्धवट जळालेलं पत्र दिलं. ते पत्र कुठे आहे, असं कोणी विचारू नये म्हणून ते परदेशात असल्याचं सांगितलं, आणि इंग्रजांवर दोन वाक्यं घेतली. त्यावर शिट्ट्या आल्या. ठकूबाईचे दोन शब्द बोलायचे आहेत हे माझ्या लक्षात होतं. आईनंतर बोलू असं ठरवलं, मग पत्रानंतर, मग शिट्ट्यांनंतर. मग भाषण संपलं.

मुख्याध्यापकांनी मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. एका मुलाने घोडीचं नाव विचारलं. मी चंद्रा म्हणालो. मग माइक मागे जाता जाता मैत्रेयीने तो घेतला.

ती उभी राहिली. रागावलेली नव्हती. मला आठवण करून द्यावी अशा सुरात, मी बसची वेळ विसरलोय आणि ती सांगतेय अशा सुरात, ती बोलली.

"बाबा, कोयाजी नाव मी सुचवलं होतं. आपण आंबा खात होतो. तू ते टेबलावर बसून लिहिलंस. सांग ना त्यांना."

मांडवात चुळबुळ झाली. सर्जेराव माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनंती होती. खरी वाट तिने माझ्यासाठी मोकळी करून दिली होती. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी हसलो. मोठ्या माणसांनी लहानांसाठी राखून ठेवलेलं ते हसू. म्हणालो, की मी घरात उठता-बसता कोयाजींबद्दल इतकं बोलत असे, की आमच्या कन्येला वाटतं आम्हीच त्यांना जन्माला घातलं. वयच कल्पनेत रमायचं आहे. तिला मोठेपणी कळेल.

सगळे कौतुकाने हसले. कोणीतरी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. एका शिक्षिकेने तिच्या गालाला हात लावून माइक काढून घेतला. मैत्रेयी क्षणभर तशीच उभी होती, हात माइक धरल्यासारखा. मग शुभदा उठली, तिचा खांदा धरून तिला मांडवाबाहेर घेऊन गेली, आणि माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.

नंतर सर्जेरावांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. स्मारकासाठी संशोधकांचं पत्र हवं होतं. टाइप केलेलं, आठ ओळींचं. मी खाली सही केली, नावाखाली 'इतिहास संशोधक' असं छापलेलं होतं. मग फोटो झाले.

दोघी मला करवंदीच्या जाळीपाशी सापडल्या. ठकूबाईने त्यांना ताक दिलं होतं. मांडवातल्या लाउडस्पीकरचा कर्णा ती बसली होती तिथेच वर बांधलेला होता, तिला सगळं ऐकू आलं असणार.

"आमचं राह्यलं वाटतं," ती मला म्हणाली.

मी म्हटलं, वेळच मिळाला नाही आजी.

"व्हय. लई लोकं हुती," ती म्हणाली, आणि मलाही पेला भरून दिला. ते ताक आंबट होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. फार चांगलं होतं.

त्या दिवसानंतर मैत्रेयी माझ्यासोबत कुठेही आली नाही. भांडली नाही, रुसली नाही. परीक्षा असे, मैत्रीण येणार असे, डोकं दुखे. घरात जेवताना ती मला मीठ द्यायची, फोन आला तर हाक मारायची. फक्त मी काही सांगायला लागलो, अगदी ऑफिसातली गंमत, की ती शुभदाकडे बघायची. खरं आहे का हे, असं विचारल्यासारखं. हे बघणं मला कोणत्याही भांडणापेक्षा जड गेलं.

वर्षभराने मी हिंमत केली. वेबसाइटवरचं पान काढून टाकलं आणि साप्ताहिकाला सविस्तर पत्र लिहिलं: कोयाजी निवळकर हा पुरुष माझ्या कल्पनेतला आहे. संपादकांनी पत्र छापलं, पण 'वाचकांच्या प्रतिक्रिया' या सदरात, पाणीटंचाईच्या तक्रारीखाली. पुढच्या अंकात समितीचं उत्तर आलं. बेहेरे यांच्यावर कोणत्या शक्तींचा दबाव आहे हे सुज्ञांना कळतंच, असं त्यात होतं. शिवाय बेहेरे हे मुळात इतिहासतज्ज्ञ नसून इंजिनियर आहेत, हेही त्यांनी उघड केलं. सर्जेरावांनी मला स्वतंत्र पत्र पाठवलं. त्यात बाबांचा अंगारा होता आणि प्रकृतीची चौकशी.

मग सत्काराला पाच वर्षं झाल्यावर नोटीस आली. तालुक्याच्या कचेरीत, देवडीच्या जागेच्या वहिवाटीबाबत सुनावणी, साक्षीला हजर राहावं. नोटीस वाचून मला समजलं की दरम्यान ठकूबाई गप्प बसलेली नव्हती. तिला जाळीबाहेर नारळ-फुलं विकायला बसू देत होते. तिथे बसल्या बसल्या येणाऱ्या प्रत्येक भक्ताला तिने पाच वर्षं एकच गोष्ट सांगितली: कोयाजीबाबा खरे, घोडी खरी, सगळं खरं, फक्त बाबा निवळकर नव्हते, कोयाजी झोरे होते. आमचे पूर्वज. आधी धनगरवाड्याने ते उचललं, मग आजूबाजूच्या चार वाड्यांनी. आता दोन समित्या होत्या, दोन पुण्यतिथ्या होत्या, आणि दोन्ही बाजूंचे अर्ज होते.

मी घरी जाहीर केलं, की या वेळी सरकारी अधिकाऱ्यापुढे शपथेवर खरं सांगणार. मैत्रेयीला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. ती पुस्तकातून वर बघून म्हणाली, "मी येते."

मला वाटलं, बाप सुधारताना बघायला येतेय. सबंध वाटेत मी तिला माझं निवेदन म्हणून दाखवलं. तिने खिडकीबाहेर बघत ऐकलं.

अधिकारी बाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. एका बाकावर सर्जेराव, दुसऱ्यावर ठकूबाई आणि तिची नातसून. म्हातारी फार वाळली होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आंबा, टेबल, मे महिना. पाच वर्षं पाठ केलेलं होतं, कुठेही अडलो नाही. संपल्यावर मी कपाळ पुसलं. छाती हलकी झाली होती.

बाईंनी फाइलमधून एक कागद काढून माझी सही दाखवली. सही माझीच, असं मी कबूल केलं. त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. त्यातली सातवी ओळ अशी होती: 'सदर देवडीत अन्य कोणाचीही वहिवाट कधीही नव्हती, असे माझे संशोधन आहे.'

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात आणि आज खरं बोलताय?"

"हो."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कोयाजी नावाचा माणूसच नव्हता, तर त्याच्या वारसा हक्काचा प्रश्न येत नाही. दोन्ही अर्ज निकाली. जागेची स्थिती आज आहे तशी राहील."

आज आहे तशी म्हणजे जाळी, कुलूप आणि किल्ली सर्जेरावांच्या खिशात. मला ते कळायला वेळ लागला. सर्जेरावांना लगेच कळलं. त्यांनी बाकावर टेकून सुस्कारा सोडला. ठकूबाईने माझ्याकडे पाहिलं. तिने पाच वर्षं घालून उभं केलेलं मी दहा मिनिटांत पाडलं होतं, तेही खरं बोलून.

"मॅडम, मला सांगायचंय," मैत्रेयी म्हणाली.

ती कोण, वय किती, हे बाईंनी विचारून लिहून घेतलं. मैत्रेयी टेबलापाशी गेली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"डबा लपवायला गेलो तेव्हा मी बाबांबरोबर होते. ठकूआजी देवडीतच बसलेल्या होत्या. त्यांचीच जागा होती ती, मी स्वतः बघितलंय. कोयाजींची गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली. त्यांच्या घरातला माणूस, कोयाजी झोरे. बाबांनी घरी येऊन ती लिहिली आणि आडनाव बदललं. मनाने रचली असं ते आता म्हणतात, पण तसं नाही."

तिचा आवाज अजिबात हलला नाही. पहिली दोन वाक्यं खरी होती आणि त्यांच्याच सुरात तिने पुढची सगळी सांगितली. हे कसब तिने कुठे पाहिलं होतं, ते मला विचारायची गरज नव्हती.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे? मुलगी खोटं बोलतेय का?"

पाच वर्षं ज्या खरेपणासाठी मी झुरलो होतो, तो मला त्या दिवशी मिळून पुरता अर्धा तास झाला नव्हता. मैत्रेयी माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "ती सांगते ते बरोबर आहे."

"मग तुम्ही आत्ता रचलं म्हणून का सांगितलंत?"

"श्रेय आपल्याला मिळावं असं वाटलं."

बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्या या दुसऱ्या साक्षीतलं तेवढं एक वाक्य खरं होतं. त्यांनी मला चार खडे शब्द सुनावले, ते मी खाली मान घालून ऐकले. निकाल महिनाभराने आला. मैत्रेयीने डोळ्यांनी पाहिलेली वहिवाट धरली गेली, माझं पत्र रद्दबातल ठरलं, जाळी निघाली. ठकूबाई पुढे दोन पावसाळे त्या देवडीत बसली. आता तिची नातसून बसते. कोयाजीबाबांच्या फलकावर आडनाव तेवढं रंगवून बदललं आहे. गर्दी कमी झालेली नाही.

त्या दिवशी कचेरीबाहेर सर्जेराव मला भेटले. मला वाटलं, अंगावर येतील. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "साहेब, माणसं कशीही वागोत, बाबा सगळं बघतात." आणि डोळे पुसत निघून गेले. त्यांना ते खरोखर वाटत होतं. त्या दिवशी कचेरीत आलेल्या आम्हा सगळ्यांत कोयाजीवर मनापासून विश्वास ठेवणारा बहुधा तो एकच माणूस होता.

गाडीपाशी आल्यावर मैत्रेयी थांबली.

"ती सातवी ओळ," ती म्हणाली. "सही करायच्या आधी वाचली होतीस?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. शुभदानेही नाही, अधिकारी बाईंनीही नाही. ठकूबाईला तर आजपर्यंत त्या ओळीचा पत्ताच नव्हता. फोटोवाला थांबला होता, सर्जेरावांनी पेनचं टोपण काढून दिलं होतं, आणि मी पत्र वरपासून खालपर्यंत नीट वाचलं होतं.

"वाचली होती," मी म्हणालो.

मैत्रेयीने मान हलवली. मागचं दार उघडून ती आत बसली. पुण्यापर्यंत मी कोणतीही गोष्ट सांगितली नाही.